वाघनळीची कोंडी

पूर्वी वेणवती नदीच्या काठी शुभांग नावाचं नगर होतं आणि तिथं सुबाहू राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व जन्माला आले ते राजवाड्यात नाही की कुठल्या शेठजीच्या माडीवर नाही. नदीतून लाकडं वाहून आणणाऱ्या तराफेवाल्याच्या झोपडीत जन्माला आले. आईबापांनी नाव ठेवलं कदंब. वयात आल्यावर नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या करंजवन गावच्या उत्पलेशी त्याचं लग्न झालं. कदंब जेवढा शांत, तेवढी ती तिखट. तो दिवसाला दहा शब्द बोलायचा, उरलेले त्याच्या वाटणीचे तीच बोलून टाकायची.

तराफेवाल्यांचं काम असं. उन्हाळ्यात डोंगरात साग तोडायचा आणि पायथ्याशी काठावर रचून ठेवायचा. पावसाळा सरला, पूर ओसरला, की ओंडके थोडेथोडे पाण्यात सोडायचे आणि काठाकाठानं चालत नगरापर्यंत आणायचे. हातात फक्त लांब बांबू, त्याच्या टोकाला लोखंडाची आकडी. कुठं ओंडका अडला तर आकडीनं हलका ढोसायचा, की निघाला पुढं.

पण या लोकांची एक रीत होती. लाकडं सोडायच्या आदल्या दिवशी कोणी लाकडाला हात लावायचा नाही. सगळ्यांनी काठावर बसून दिवसभर पाण्यात पाय सोडायचे. त्याला ते पायभिजवणी म्हणायचे. पाणी कुठं ओढतंय, कुठं मागं फिरतंय, तळाशी कुठं नवा दगड आलाय, हे ते तळपायांनी ऐकून घ्यायचे. त्या दिवशी जो उतावळा उठून आकडी धरील त्याला रात्री पंगतीत घ्यायचे नाहीत, एकट्याला वाढायचे. पिढ्यान् पिढ्या हे असं चाललं होतं, आणि पिढ्यान् पिढ्या सगळी लाकडं सुखरूप नगराला पोचत होती.

मग एका वर्षी राजाला सभामंडप बांधायचा होता, तोही कार्तिकी पौर्णिमेच्या उत्सवाआधी. त्यानं दृढवर्मा नावाच्या अमात्याला सगळ्या कामाचा मुखत्यार केला. हा दृढवर्मा मोठा कष्टाळू माणूस. पहाटे उठायचा, दिवसभर ओरडायचा. आपल्याला घाम येतो म्हणून जगालाही यायलाच हवा, असं त्याचं पक्कं मत. त्यानं नियम काढला, की संध्याकाळी प्रत्येक मजुरानं त्याच्यासमोर उभं राहून दोन्ही तळवे पसरायचे. तळव्याला फोड असेल तर धान्य मिळेल. फोड नसेल तर रिकाम्या हातानं घरी जा.

बघा तरी! दगड नीट बसला का, चर सरळ खणला का, हे कोणी बघेना. फोड आहे ना? मग झालं. आठ दिवसांत लोक शहाणे झाले. काम थोडं करायचं आणि दिवस मावळायला आला की खरखरीत दगडावर तळवे घासत बसायचं. चांगली धडधाकट माणसं आपल्याच हातांची सालटं काढत बसलेली बघून उत्पलेचं डोकं फिरायचं.

कदंबाचे हात मात्र मऊच. लाकडांचं काम निघालं त्या पहिल्याच संध्याकाळी त्यानं तळवे पसरले, तसा दृढवर्मा हसला.

"हे हात तराफेवाल्याचे? राणीवशातल्या दासीचे असतात असे! दिवसभर केलंस काय?"

"पायभिजवणी होती, अमात्य."

"म्हणजे?"

"नदीत पाय सोडून बसलो होतो."

जमलेले लोक हसले. दृढवर्मा हसायचा थांबला. "राजाचं धान्य खाऊन पाण्यात पाय सोडून बसतोस आणि वर तोंड करून सांगतोस? उद्यापासून लाकडांना हात लावायचा नाहीस. लाकडं कशी आणतात ते मी दाखवतो."

लोकांत उभी असलेली उत्पला घरी येईपर्यंत गप्प होती, आणि ती गप्प असली की शेजारपाजारचे घाबरायचे. उंबऱ्यातून आत पाऊल पडताच ती सुरू झाली. "अहो, वीस वर्षं लाकडं आणलीत. एक ओंडका फुटला नाही, एक माणूस बुडाला नाही. आणि तो तुमच्या हातांना नावं ठेवतो! तुम्हीसुद्धा कसे हो? घटकाभर दगडावर हात घासले असते तर काय झिजला असतात?"

"हातच झिजले असते," कदंब म्हणाला. "आणि हातांना खोटं बोलायला कशाला शिकवायचं? मग पाण्यातसुद्धा खोटं बोलायला लागतील."

"बोलू देत! निदान चूल तरी पेटेल!"

तो हसला. त्याचं ते हसणं बघून तिला आणखी चीड आली. तिनं भांडी अशी आपटली की कोंबड्या अंगणाबाहेर पळाल्या.

दुसऱ्या दिवशी दृढवर्म्यानं सगळी लाकडं, पाचशेच्या पाचशे, एकदम नदीत ढकलून दिली. हत्ती लावून ढकलली. पायभिजवणी नाही, पाणी बघणं नाही. वाट बघणारे लोक आळशी असतात, असं तो म्हणायचा. लाकडं दीड कोस धडपणे गेली. पुढं वाघनळी लागते. तिथं दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधून नदी बैलगाडीभर रुंदीतून जाते. पहिला एक ओंडका आडवा झाला, त्याचं खालचं टोक खडकाच्या चिरेत घुसलं. त्याच्यावर दुसरा येऊन टेकला, त्याच्यावर दहा, दहांवर शंभर. दुपारपर्यंत वाघनळीला लाकडांचं बूच बसलं. खाली नदीचा ओहोळ झाला आणि वर पाणी तुंबायला लागलं.

वरच्या अंगाला काय होतं? करंजवन होतं. उत्पलेचं माहेर.

शहाण्या माणसानं इथं थांबून कोणाला तरी विचारलं असतं. दृढवर्म्यानं काय करावं? त्यानं आसपासच्या गावांतून तीनशे माणसं वेठीला धरून आणली. अर्धी एका काठावर उभी केली, अर्धी दुसऱ्यावर. दहा हत्ती इकडे, दहा तिकडे. दोन्हीकडून दोर बांधले आणि डांगोरा पिटवला, की जो काठ जास्त लाकूड ओढून काढील त्याला राजाकडून मान मिळेल. झाली चढाओढ सुरू! इकडचे ओढतात, तिकडचे ओढतात. गाठ दोन्ही टोकांनी ओढली तर काय होतं, हे पोलकं शिवणाऱ्या पोरीलाही कळतं. कोंडी आवळत गेली. जेवढी आवळली तेवढं ओढायचा हुकूम वाढला.

दोन दिवस हे चाललं. नदीतल्या सगळ्या होड्यासुद्धा अमात्यानं दोर वाहायला वाघनळीच्या खाली नेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी एक दोर तुटला आणि त्याचा फटका वीरक नावाच्या माणसाला बसला. वीरक करंजवनाचाच, नांगरट अर्धी टाकून वेठीला आलेला. जागच्या जागी गेला. त्याचं प्रेत बाजूला ठेवलं, वर दोन पोती टाकली आणि पुन्हा ओढायला सुरुवात झाली. त्याच्या बायकोला कोणी सांगायलासुद्धा गेलं नाही. ओढणारा एक माणूस कमी झाला असता ना!

ही बातमी तराफेवाल्यांच्या वस्तीत पोचली तेव्हा उत्पला पाणी भरत होती. घागर तिथंच टाकून ती धावत घरी आली. "ऐकलंत का—" एवढं तिनं म्हणेपर्यंत कदंब दारातली आकडी घेऊन बाहेर पडलाही होता. चालताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही की पागोटं शोधलं नाही. वाघनळी कोसावर होती. ती सारा वेळ त्याच्या मागून पळत होती आणि अमात्याला शिव्या मोजत होती.

वाघनळीच्या कड्यावर चढल्यावर तिनं आधी वरच्या अंगाला पाहिलं. करंजवनाची खालची आळी दिसत नव्हती. गोठ्यांची छपरं तेवढी पाण्यावर तरंगल्यासारखी. गावाच्या मधे एक टेकाड होतं, त्यावर माणसं, गुरं, बियाण्याच्या कणग्या, सगळं दाटीवाटीनं चढलेलं. टेकाडाला चारी बाजूंनी पाणी, आणि वर होडी एकही उरलेली नाही. तिथल्या एका खाटेवर तिची पायानं अधू आई बसलेली असणार. एवढ्या लांबून माणसं ओळखू येत नव्हती, तरी ती प्रत्येक ठिपक्यात आईच शोधत होती.

"आला का आयतोबा!" दृढवर्मा खडकावरून ओरडला. त्याचा आवाज बसला होता, कपडे घामानं भिजले होते. "ये, तूही दोर धर."

कदंबानं थोडा वेळ कोंडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "अमात्य, दोर सोडा. हत्ती मागं घ्या. खालच्या खडकांवरून सगळ्या माणसांना वर बोलवा."

"आणि मग?"

"मग काही नाही. थांबायचं."

"थांबायचं!" दृढवर्म्यानं लोकांकडे बघत हात उडवले. "ऐका! इथं तीन दिवस माणसं रक्त ओकतायत आणि हा म्हणतो थांबायचं!"

"रक्त ओकतायत म्हणूनच म्हणतोय," कदंब म्हणाला. "सगळा भार एका लाकडावर आहे. त्याचं बूड चिरेत अडकलंय. तुम्ही ओढता तसं ते आणखी आत दाबलं जातं. दोर सोडले तर वाढतं पाणीच त्याला उचलील. एकदा उचललं की एका माणसाचं काम आहे."

त्याच वेळी सुबाहू राजा काम बघायला पालखीतून आला होता. राजा तसा वाईट नव्हता. पण राजवाड्यातून नदी जशी दिसते तेवढीच त्याला माहीत होती. त्यानं दोघांचं ऐकलं आणि म्हटलं, "अमात्य, तीन दिवस तुमच्या म्हणण्याप्रमाणे झालं. आज ह्याचं बघू."

दृढवर्म्याचं तोंड उतरलं. पण तो कच्चा नव्हता. म्हणाला, "जशी महाराजांची आज्ञा. पण सूर्य समोरच्या डोंगराला टेकेपर्यंतच. तोवर कोंडी फुटली नाही तर राजकार्यात खोळंबा केला म्हणून ह्याचे दोन्ही हात तोडायचे. नाहीतरी त्या हातांचा ह्याला उपयोग नाहीच."

"हात काय तुमच्या बापानं दिलेत त्यांना?" उत्पला पुढं झाली. "माणूस तुम्ही मारलात! गाव तुम्ही बुडवलंत! आणि हात ह्यांचे तोडणार? तुमच्या नियमात तुमचं काय तोडायचं असतं ते तरी सांगा एकदा!"

शिपाई पुढं सरसावले. राजा चमकून तिच्याकडे बघत राहिला. कदंब एवढंच म्हणाला, "कबूल आहे," आणि कड्यावरून खाली उतरला.

दोर सोडले. सुटताक्षणी सगळ्या कोंडीतून कण्हल्यासारखा आवाज निघाला आणि लाकडं जरा सैल बसली. माणसं खडकांवरून वर आली. तीन दिवसांत पहिल्यांदा ती खाली बसली, आणि बसल्याबसल्या काही तिथंच झोपली. कदंब अनवाणी पायांनी ओंडक्यांवरून चालत मधोमध गेला, आकडीनं इथं तिथं टकटक करून पाहिलं, आणि एका काळपट, जाड ओंडक्याशी जाऊन बसला. पाय पाण्यात सोडले. बसला तो बसलाच.

दुपार कलली. पाणी वाढत होतं. टेकाडावरची माणसं आणखी वर सरकलेली दिसत होती. उत्पलेला राहवेना. तीही ओंडक्यांवरून तोल सावरत त्याच्यापर्यंत गेली.

"अहो, काहीतरी करा! तिकडं माझी आई बुडतेय आणि तुम्ही पाय भिजवत बसलात! तो मेला म्हणतो तेच खरं वाटायला लागलं मला!"

कदंबाला राग आला नाही. त्यानं तिला हात धरून शेजारी बसवलं. "हे लाकूड सुटायला अजून वीतभर पाणी हवं. टेकाडाचा माथा पाण्यापासून अजून दोन हात वर आहे. मी मोजलंय. आता तू पण पाय सोड."

"मला नाही सोडायचे."

"बरं."

थोड्या वेळानं तिनं सोडले. पाणी बर्फासारखं गार होतं. तिला आधी नुसता राग कळत होता, अंगभर. मग तळव्याखाली पाणी कळायला लागलं. ते लाकडाखालून वर ढकलत होतं. गाय वासराला नाकानं उठवते तसं, हळू, पण न थांबता. तिनं बोटं ओंडक्याला लावली. ओंडका थरथरत होता.

"कळलं?" त्यानं विचारलं.

 तिनं पाय काढले नाहीत, उलट आणखी खोल सोडले.

सूर्य अजून डोंगरापासून चांगला भालाभर वर होता. पण दृढवर्म्याला दम कुठं? तीनशे माणसं बसलीत, वीस हत्ती कान हलवतायत, आणि आपण काहीच करत नाही, हे त्याला सोसेना. माणसाला दुसऱ्याचे कष्ट बघायची चटक लागली की त्याचं असं होतं. राजा सावलीत पहुडला आहे हे बघून त्यानं शिपायांना खूण केली. "धरून आणा त्याला. पुरे झालं हे ढोंग. आणि दोर बांधा पुन्हा! उतरा सगळे खाली!"

चार शिपाई ओंडक्यांवरून गेले आणि त्यांनी कदंबाला दंडांना धरून उठवलं.

"सूर्य टेकला नाही अजून!" उत्पला किंचाळली. "दिलेला शब्द तरी पाळा रे!"

कदंबानं हिसका दिला नाही की ओरडला नाही. जाता जाता त्यानं आकडी तिच्या पायाशी ठेवली. "उत्पले, तुला आता कळतंय ते. लाकूड उचललं की खालच्या अंगाला सोड. तुझ्याकडे ओढू नकोस."

"मी? मी कधी आकडी धरलीय का?"

"पाणी धरलंयस की," तो म्हणाला, आणि ते त्याला दोरानं बांधून घेऊन गेले.

काठावर माणसांना फटके मारून उठवलं जात होतं. ती डोळे चोळत, अडखळत पुन्हा खालच्या खडकांकडे उतरायला लागली. आता कोंडी फुटली तर ती सगळी वाहून जाणार, आणि न फुटली तर करंजवन जाणार. सर्वांत पुढं भोज नावाच्या म्हाताऱ्या माहुताची हत्तीण होती. अरुंद पायवाटेच्या तोंडाशी आली आणि खाली बसली. मागच्यांची वाटच बंद झाली.

"उठव तिला!" दृढवर्मा ओरडला.

"उठवतोय धनी," भोजानं अंकुश कुठंतरी हवेत टोचला. "ऐकत नाही. काय करू? तिला काही तळवे दाखवायचे नसतात संध्याकाळी."

तेवढाच अवधी मिळाला.

उत्पला ओंडक्यावर उभी होती. तिच्या छातीत संताप नुसता फणफणत होता. त्या अमात्याला, त्या शिपायांना, सावलीत लोळणाऱ्या राजाला, सगळ्यांना एकेक करून पाण्यात बुचकळावं असं तिला वाटत होतं. आणि तो संताप खोटा नव्हता, कोणी खोटा म्हणूही नये. पण ओंडक्यावर चढलेल्या पाण्यात पाय होते. पायांखालचं लाकूड एकदम हलकं झालं, जसं झोपलेल्या माणसानं कूस बदलावी. तिनं विचार केला नाही. राग रागाच्या जागी राहिला आणि हात हाताच्या जागी आला. आकडी उचलली गेली, बुंध्याला लागली, आणि तिनं ती दाबलीसुद्धा नाही म्हटलं तरी चालेल. नुसती टेकवली, खालच्या अंगाला.

ओंडक्याचं बूड चिरेतून निघालं. तो सरळ झाला आणि पाण्याबरोबर चालता झाला. त्याच्यामागं दुसरा. मग चार. धडाका नाही, लोट नाही. गोठ्याचं दार उघडल्यावर गुरं निघतात तशी लाकडं रांगेनं निघाली. उत्पला एका ओंडक्यावरून दुसऱ्यावर पाय टाकत काठाला आली. पाय कुठं टाकला हे नंतर तिला सांगता आलं नाही.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा वाघनळी मोकळी होती. करंजवनाच्या टेकाडाभोवतीचं पाणी उतरत होतं, आणि तिकडून माणसांचा आरडाओरडा ऐकू येत होता, रडण्याचा नव्हे.

राजा जागा होऊन कड्यावर आला. लोकांनी कदंबाचे दोर सोडले होते. राजा काही बोलायच्या आत दृढवर्मा पुढं झाला. घसा खाकरला आणि म्हणाला, "महाराज, अखेर यश आलं! तीन दिवस ओढून ओढून कोंडी खिळखिळी झालीच होती. शेवटी कोणाचंही बोट लागलं असतं तरी फुटली असती. इथं जे घडलं ते माझ्या माणसांच्या ओढण्यानं घडलं. माझ्याच आज्ञेनं घडलं."

आणि राजानं काय करावं? मान डोलावली! गळ्यातला मोत्यांचा हार काढला आणि त्याच्या गळ्यात घालायला पुढं झाला. वाजंत्र्यांनी शिंगं तोंडाला लावली.

उत्पलेच्या डोळ्यांपुढं लाल झालं. ती तोंड उघडणार एवढ्यात कदंब तिच्या शेजारून पुढं गेला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, पायभिजवणीच्या दिवशी असतो तसा.

"अमात्य म्हणतात ते आम्हाला मान्य आहे, महाराज. तीन दिवसांत इथं जे जे घडलं ते त्यांच्याच आज्ञेनं घडलं. पाचशे लाकडं एकदम सोडली ती त्यांच्या आज्ञेनं. करंजवनात पाणी शिरलं ते त्यांच्या आज्ञेनं. तिथं पोत्यांखाली वीरक पडलाय, तोही त्यांच्याच ओढण्यानं. त्याच्या बायकोला अजून कोणी कळवलेलं नाही. हार घातला की त्यांनी तो हार घालूनच तिच्याकडे जावं आणि हे सगळं आपण केलं म्हणून तिला सांगावं. एवढंच मागणं आहे."

शिंगं वाजली नाहीत. राजानं पोत्यांकडे पाहिलं. सकाळपासून ती तिथंच होती आणि त्यानं विचारलंही नव्हतं, की ह्याखाली काय आहे. तो चालत गेला, स्वतः वाकून पोतं बाजूला केलं.

"अमात्य," तो म्हणाला, "हे पण तुमच्या आज्ञेनं?"

दृढवर्मा दोन्हीकडून अडकला. नाही म्हणावं तर यशही हातचं जातं. हो म्हणावं तर... तो उभा राहिला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडून काहीही करणं झालं नाही.

राजानं त्याचं पद तिथल्या तिथं काढून घेतलं. त्याला वीरकाच्या शेतावर पाठवलं; अर्धी राहिलेली नांगरट पुरी करायची, पेरणी करायची, आणि पीक घरात येईपर्यंत त्या बाईच्या दाराशी राबायचं. मग तो कदंबाला म्हणाला, "कामाचा मुखत्यार तू हो. घर देतो, गाव इनाम देतो."

"गाव नको, महाराज. मुखत्यारीही नको," कदंब म्हणाला. "ह्या तीनशे माणसांना आज घरी जाऊ द्या. पेरणीचे दिवस चाललेत, वाफसा गेला तर वर्ष जाईल. तळवे बघणं बंद करा. आणि पुन्हा कोणाला वेठीला धरू नका. लाकडं आम्ही आणून देऊ, जशी नेहमी आणतो."

राजानं ते सगळं मान्य केलं. सभामंडप त्या पौर्णिमेला झाला नाही, पुढच्या वर्षी झाला. कोणाचं काही अडलं नाही.

वीरकाच्या बायकोला सांगायला त्या संध्याकाळी उत्पलाच गेली. तिच्यापाशी रात्रभर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी अधू आईला पाठुंगळी घेऊन ती टेकाडावरून उतरली तेव्हा कदंब खाली चिखलात उभा होता, वाहून आलेली कणगी सरळ करत.

"मला अजून राग आहे," ती म्हणाली.

"असू दे की," तो म्हणाला. "खरा आहे तो." आणि त्यानं म्हातारीला तिच्या पाठीवरून उतरवून घेतलं.

शास्त्यांनी, म्हणजे पुढं बुद्ध झालेल्या ह्याच बोधिसत्त्वांनी, ही कथा विहारात सांगितली तेव्हा समोर एक भिक्खू बसला होता. विहाराच्या डागडुजीचं काम त्याच्याकडे होतं, आणि त्यानं एका आजारी वृद्ध भिक्खूला 'हा नुसता बसून असतो' म्हणत भिक्षेच्या पंगतीतून उठवलं होतं. कथा संपवून शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा दृढवर्मा म्हणजे आज वृद्धाला पंगतीतून उठवणारा हा भिक्खू. राजा सुबाहू म्हणजे ते बघूनही गप्प राहिलेला विहाराचा प्रमुख. माहूत भोज म्हणजे भिक्खू आनंद. उत्पला ही राहुलची माता होती. आणि तराफेवाला कदंब मीच होतो."

तो भिक्खू उठला, बाहेर गेला, आणि वृद्धाला हाताला धरून आत घेऊन आला.

बोधिसत्त्वांनी त्या जन्मी जी पारमिता (बोधीकडे नेणारा सद्गुण) पुरी केली ती उपेक्षा, म्हणजे दुर्लक्ष नव्हे: मन समतोल ठेवायचं, नदीशी भांडायचं नाही, आणि वेळ आली की हाताला अडवायचं नाही.